तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात आपल्याकडची बरीच मुलं उन्हाळी इंटर्नशिपसाठी जर्मनीला निघतात. आठवडाभर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करायचं आणि शनिवार-रविवारी आसपासचे देश पाहायचे, असा साधारण बेत असतो. तयारीची सगळी माहिती येते ती आधी जाऊन आलेल्या दादा-ताईंकडून. ती आपुलकीने दिलेली असते, पुष्कळदा उपयोगीही असते. पण तिच्यातल्या काही गोष्टी मुळातच चुकीच्या असतात, तर काही दरम्यानच्या काळात बदललेल्या असतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज व्हिसाच्या मुदतीचा. ‘तीन महिन्यांचा व्हिसा आहे’ असं सर्रास म्हटलं जातं. २० मेला फ्रँकफर्टला उतरलेला मुलगा मग १९ ऑगस्टचं परतीचं तिकीट काढतो. शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा महिन्यांत मोजत नाहीत, दिवसांत मोजतात: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. पोहोचल्याचा दिवस त्यात धरतात आणि निघाल्याचाही. मेचे १२, जूनचे ३०, जुलैचे ३१ मिळून झाले ७३. उरले १७. म्हणजे १७ ऑगस्टला तुम्ही बाहेर पडलेलं असायला हवं. १९ तारखेचं तिकीट काढलेला मुलगा दोन दिवस बेकायदा राहिलेला ठरतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर येण्याजाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे पासपोर्टवरचा शिक्का पुसट आहे म्हणून दिवस कोणी मोजणार नाही, या भरवशावर तर मुळीच राहू नका.

पूर्ण ९० दिवस सगळ्यांना मिळतात असंही नाही. स्टिकरवर ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ या शब्दांखाली जो आकडा असतो, तेवढेच दिवस तुमचे. त्याच स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ अशा दोन तारखाही असतात आणि घोटाळा तिथेच होतो. दुसरी तारीख बहुधा पंधरा दिवस पुढची घातलेली असते. विमान लांबलं, बेत थोडा मागेपुढे झाला, तर अडचण नको म्हणून दिलेली ती सवड असते. तिच्यामुळे राहायचे दिवस वाढत नाहीत.

‘मधे दोन दिवस लंडनला जाऊन आलं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते’ हेही मी अनेकदा ऐकलं आहे. तसं होत नाही. लंडनमधले दिवस मोजणीत धरत नाहीत इतकंच. आधीचे दिवस जमाच राहतात. शिवाय ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटनसाठी आपल्याला वेगळा व्हिसा लागतो. तुमच्या शेंगेन व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात १ लिहिलेला असेल, तर एकदा बाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही, मग प्रयोगशाळेतलं काम अर्धं राहिलं असलं तरी. उलट स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत, तिथे खुशाल जा.

जर्मनीची अपॉइंटमेंट मिळेना म्हणून दुसऱ्याच देशाच्या केंद्रात अर्ज करण्याचा सल्ला देणारेही भेटतात. तो ऐकू नका. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचं, अर्ज त्याच देशाकडे, असा नियम आहे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण कधीकधी पंचेचाळीसही. प्रौढांसाठीचं शुल्क जून २०२४ मध्ये ८० युरोंवरून ९० झालं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि तो राहण्याच्या प्रत्येक दिवसाला लागू असावा लागतो.

आता बॅगेकडे. इथे सूत्रं आईच्या हाती असतात, म्हणून हे आयांनीही वाचावं. घरच्या वापरापुरतं थोडं तूप, अर्धा किलो पेढे चालतात, ही समजूत चुकीची आहे. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ आणायला तिथे मनाई आहे, प्रमाण कितीही कमी असो. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच. म्हणजे नारळ चालेल, पण हापूस नाही. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली होती आणि ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. इतका हा विषय ते गंभीरपणे घेतात. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी यांच्यात दूध नाही की मांस नाही, ती पोटभर द्या.

पैशांचं थोडक्यात. यूपीआयवर तिथे महिना निघत नाही. आपल्या बँकेचं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बहुधा बंदच असतं, ते निघण्यापूर्वी चालू करून घ्या. कार्डाच्या यंत्राने रुपये की युरो असं विचारलं, तर युरो निवडा. रुपयांचा दर बहुतेक वेळा महाग पडतो. थोडी रोकड जवळ असू द्या. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून दूध-पाव शनिवारीच आणावा. ‘४९ युरोंत महिनाभर सगळ्या गाड्या’ हेही आता जुनं झालं. २०२३ साली त्या दराने सुरू झालेलं डॉइचलांड तिकीट २०२६ पासून ६३ युरोंना आहे, आणि आयसीईसारख्या जलद गाड्यांना ते चालत नाही. दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहणारी ती वर्गणी आहे. ऑगस्टमध्ये परतायचं असेल, तर सप्टेंबरचे पैसे जाऊ नयेत म्हणून १० ऑगस्टपर्यंत ती रद्द करा.

तिथला उन्हाळा गारच असतो, असं समजून सगळे स्वेटरच भरू नका. जूनमधल्या पावसाळी संध्याकाळी एक लागतोच. पण २५ जुलै २०१९ रोजी जर्मनीत पारा ४१.२ अंशांवर गेला होता, आणि वसतिगृहाच्या खोल्यांत सहसा पंखाही नसतो.

व्हिसा लागून पासपोर्ट हातात आला, की त्याच संध्याकाळी आईबाबांना शेजारी बसवून स्टिकर वाचा. कॅलेंडरवर एकेक दिवस मोजून शेवटच्या तारखेभोवती गोल करा. परतीचं तिकीट आधीच काढलं असेल, तर ते त्या तारखेशी ताडून पाहा आणि गरज पडली तर लगेच बदलून घ्या.