पन्नास वर्षांचा बिल्ला

1788 ते 1868 या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे 1 लाख 62 हजार कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन टाकले. अकरा जहाजांचा पहिला ताफा आठ महिन्यांहून अधिक काळ समुद्रात होता. गुन्हे बहुतेक चोरीमारीचे, आणि निम्म्याअधिक जणांना शिक्षा सात वर्षांची.

आता ठाण्याच्या तुरुंगाकडे या. तो आहे एका किल्ल्यात. पोर्तुगिजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी इथेच फाशी दिलं. ज्यांना फाशी नाही, त्यांच्यासाठी समुद्र होताच. कल्याणात धुळाक्षरं गिरवलेले क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके जन्मठेपेवर इथूनच एडनला गेले, म्हणजे मुंबईहून तीन हजार किलोमीटर. तिथल्या कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून पळाले, पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथेच वारले. वय 37.

त्यानंतर बरोबर शंभराव्या दिवशी, 28 मे रोजी, भगूरला विनायक सावरकर जन्मले. हा निव्वळ योगायोग, पण अंगावर काटा आणणारा.

सावरकरांना एक नव्हे, दोन जन्मठेपा झाल्या. पंचवीस अधिक पंचवीस, त्याही एकीमागून एक भोगायच्या. म्हणजे ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या चोराच्या सातपट! वय सत्तावीस आणि कैद्याच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल 1960. दिवस मोजले तर अठरा हजारांच्या वर. ठाण्याच्या तुरुंगातून त्यांना मद्रासला नेलं, तिथून ‘महाराजा’ जहाजाने 4 जुलै 1911 रोजी ते अंदमानात पोचले. सेल्युलर जेलच्या सात पाखा, जवळपास सातशे कोठड्या. प्रत्येक साडेतेरा फूट बाय साडेसात. हिशेब केला तर एकशे एक चौरस फूट, डोंबिवलीच्या जुन्या चाळीतली एखादी खोली असावी तेवढीच.

कोलूचा, म्हणजे तेलाच्या घाण्याचा, आकडा मात्र मला सगळ्यात भयंकर वाटतो. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. एवढ्या तेलाला बावीस-तेवीस किलो सुकं खोबरं लागतं, आणि तेवढ्या खोबऱ्याला शंभराहून अधिक नारळ. रोज. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी एका माणसाच्या वाट्याला चार टन तेल येतं.

1858 ते 1939 या काळात अंदमानात पाठवलेल्या कैद्यांची संख्या ऐंशी हजारांच्या पुढे जाते. ऑस्ट्रेलियाच्या जवळपास निम्मी. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. सावरकर 1921 मध्ये अंदमानातून परतले, 1924 मध्ये अटींवर सुटले आणि 1966 पर्यंत जगले. बिल्ल्यावरचं साल उजाडायच्या तेरा वर्षं आधीच शिक्षा देणारं सरकार मात्र गाशा गुंडाळून गेलं होतं.