नळांच्या सांध्यांची गळती

थंड मुलखात नळातील पाणी गोठले म्हणजे ते शेकडा सुमारे ९ इतके फुगते व नळ फोडते. आपल्या सोलापुराकडे पाणी गोठत नाही. येथे सांध्यांचा वैरी ऊन होय. पी. व्ही. सी.चा १०० मीटर नळ २० अंश सेल्सियसने तापला, तर सुमारे १४ सेंटिमीटर लांबतो व रात्री पुन्हा आखडतो. ही रोजची ओढाताण सांध्यांवर येते. म्हणून मुख्य नळ उघड्यावर न ठेवता पुरावा व माती सकाळच्या थंड वेळी लोटावी.

गळता सांधा वरून सोल्युशन फासून बंद होत नाही. पाण्याचा दाब तो लेप आतून उचलून टाकतो. पाणी बंद करून बिघडलेला भाग सरळ कापून काढावा व तेवढाच नवा तुकडा दोन सॉकेटांनी बसवावा. कापाच्या कडा घासून कोरड्या कराव्या. सॉकेट व नळ या दोहोंस सोल्युशन लावून नळ शेवटपर्यंत सारावा, किंचित फिरवावा व अर्धा मिनिट दाबून धरावा. पाणी दुसऱ्या दिवशी सोडावे. आट्यांच्या सांध्यास टेफ्लॉनची फीत आट्यांच्या दिशेने गुंडाळावी. पान्याने अतिशय आवळल्यास प्लास्टिक तडकते.

दर सेकंदास एक थेंब गळला तरी दिवसाकाठी सुमारे ४ लिटर पाणी जाते. त्याहून मोठी हानी झाडांची. डाळिंबाच्या मुळाशी सतत ओल राहिल्यास मर रोगास वाट मिळते, आणि गळती मोठी असल्यास ओळीच्या शेवटचे झाड तहानलेले राहते. यास्तव पंधरवड्यातून एकदा, पाणी चालू असता, बागायतदाराने नळाच्या कडेने स्वतः फिरून यावे.