मुडदुशीच्या गळाचें आमिष : निवड, तयारी व एक इशारा

कोकणपट्टींत व गोमंतकांत ज्यांची शेतें खाडीकांठीं आहेत, त्यांस गळानें मासे धरण्याचा छंद नवा नाहीं. पावसाळा सरून खाडीचें पाणी निवळलें आणि भाताची कापणी-झोडणी उरकली, म्हणजे फावल्या वेळीं पुष्कळ शेतकरी गळ घेऊन खाडीवर जातात. या कामीं मुडदुशी हा मासा विशेष आवडीचा. तिचें मांस पांढरें, नाजूक व पचण्यास हलकें. म्हणून आजारांतून उठलेल्या माणसास व बाळंतिणीस ती देण्याची चाल आहे. परंतु एकाच जागीं बसलेल्या दोघांपैकीं एकाची टोपली भरते आणि दुसरा रिकाम्या हातानें घरीं परततो. लोक यास दैव म्हणतात. बहुतेक वेळां तो आमिषाचा गुण-दोष असतो. तें आमिष कसें निवडावें, कसें तयार करावें, आणि तें मिळवितांना आपल्याच शेतास अपाय कसा होऊं देऊं नये, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

माशाची राहणी

मुडदुशीचें शास्त्रीय नांव ‘सिलॅगो सिहामा’. फोर्स्काल नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें केलेलें तिचें वर्णन १७७५ सालीं प्रसिद्ध झालें. तांबड्या समुद्रापासून जपान व ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. इंग्रजींत या कुळास ‘व्हायटिंग’ म्हणतात. मात्र युरोपच्या थंड समुद्रांतील त्याच नांवाचा मासा कॉडच्या कुळांतील असून अगदीं निराळा आहे.

मुडदुशीचें अंग लांबट व निमुळतें, आणि तोंड लहान असून मुस्कटाच्या टोकाशीं असतें. ती उथळ, वाळवट तळाशीं फिरते, वाळू उकरून किडे व बारीक कोळंबी खाते, आणि भय वाटल्यास वाळूंत शिरून बसते. यावरून तीन नियम निघतात : आमिष तळाशीं असावें, तें लहान असावें, आणि तें या माशाच्या रोजच्या अन्नासारखें ताजें व मऊ असावें.

आमिष कोणतें घ्यावें

सर्वांत उत्तम आमिष म्हणजे खाडीच्या वाळूमिश्रित चिखलांतील किडे. हे गांडुळाच्याच मोठ्या वर्गांतील असून त्यांच्या दोन्ही बाजूंस बारीक केसाळ पाय असतात. ओहोटीनें उघड्या पडलेल्या जागीं लहान भोंकें, किंवा शेव पाडल्याप्रमाणें वळलेले मातीचे ढीग दिसले, म्हणजे खालीं किडे आहेत असें समजावें. मोठ्या किड्यांस जबडे असतात व ते चिमटा काढतात. म्हणून त्यांस डोक्याच्या मागें धरावें.

दुसरा क्रम ताज्या कोळंबीचा, व तिसरा तिसऱ्यांचा. शेतांतील गांडूळ सहज मिळतें हें खरें. परंतु खाऱ्या पाण्यांत तें लवकरच आक्रसून मरतें व त्याची वळवळ थांबते. शिवाय गांडूळ जमिनीची मशागत करितें, हें चार्ल्स डार्विन यानें १८८१ सालच्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें दाखविलें आहे. तेव्हां तें शेतांतच राहूं द्यावें हें बरें.

आमिषाची तयारी

किडे खणल्याबरोबर तुटलेले व मेलेले वेगळे काढावे. एक कुजला म्हणजे सर्व नासतात. उरलेले ओलसर वाळूंत किंवा खाडीच्या पाण्यानें भिजविलेल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींत ठेवावे. भांड्यांतील थोड्या पाण्यांत बुडवून ठेवूं नयेत. त्या पाण्यांतील हवा लवकर संपते. गोडें पाणी तर मुळींच लागूं देऊं नये.

कोळंबीचें डोकें व कवच काढून मांसाचे नखाएवढे तुकडे करावे. बाजारांतील वास मारणारी कोळंबी स्वस्त पडली तरी घेऊं नये. तुकडे शिल्लक राहिल्यास त्यांस जाडें मीठ चोळावें व सुटलेलें पाणी निथळूं द्यावें. त्यामुळें मांस घट्ट होऊन गळावर अधिक टिकतें. तथापि ताज्याची सर त्यास येत नाहीं.

तिसऱ्या सुरीनें कच्च्याच उघडाव्या. उकळल्यानें रस निघून जातो. त्यांतील चिवट भाग गळाच्या टोकाकडे असावा, नाहींतर मऊ भाग चिंबोऱ्या व बारीक मासे तेव्हांच ओरबाडून नेतात.

गळ लहान व लांब दांडीचा घ्यावा. किडा त्यावर मोज्याप्रमाणें ओवून शेपटाचा थोडा भाग मोकळा सोडावा. मोठा किडा संपूर्ण लावल्यास मासा लोंबतें टोंक तोडून नेतो व गळ रिकामा राहतो. भरतीचें पाणी उघड्या वाळूवर चढूं लागलें म्हणजे मुडदुशी चरावयास कांठाकडे येते. ती वेळ साधावी. आमिष पांढरें पडून त्यांतील रस गेला कीं बदलावें.

बांधाची काळजी

आतां इशाऱ्याची गोष्ट. किडे मुबलक असलेली जागा पुष्कळदां खारबांधाच्या बाहेरच्या पायथ्याशीं किंवा उघाडीच्या तोंडाशीं असते. घराजवळची म्हणून लोक तेथेंच कुदळ चालवितात. असा प्रत्येक खड्डा बांधाचा आधार काढतो. खेकड्यांची बिळें तेथें आधींच असतात. त्यांत या खड्ड्यांची भर पडली म्हणजे उधाणाचें पाणी झिरपण्यास वाट मिळते, आणि एके रात्रीं भगदाड पडतें. मग गळ टाकणाऱ्याबरोबर शेजारच्या सर्वांचें भात खारतें, आणि पुढील पावसाच्या पाण्यानें मीठ धुऊन जाईपर्यंत जमीन हातची जाते. चार किड्यांसाठीं हा व्यवहार कोणास परवडेल?

खारजमिनींच्या रक्षणासाठीं मुंबई इलाख्यांत १९४८ सालीं व महाराष्ट्रांत १९७९ सालीं कायदा झाला. पण प्रत्येक कुदळीवर कायद्याची नजर असूं शकत नाहीं. गांवानेंच ठरवावें कीं, बांधाच्या पायथ्याशीं व उघाडीजवळ कोणीं खणूं नये. किडे खाडीच्या मोकळ्या वाळूवरच खणावे, त्या वेळेपुरते घ्यावे, व खड्डा लगेच बुजवावा. खड्डा बुजविल्यानें राहिलेले लहान किडेही जगतात, आणि पुढच्या खेपेस आमिष तेथेंच मिळतें. त्याचप्रमाणें वीतभराहून लहान मुडदुशी गळास लागल्यास हात ओला करून ती अलगद सोडवावी व पाण्यांत जाऊं द्यावी. बियाण्याचें भात कोणी शिजवून खात नाहीं; खाडीच्या पिकासही तोच न्याय लावावा.