इंटरनेटचे नियम कोण ठरवितो? : एका बिनसभासद मंडळाची कार्यपद्धती

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. दोहोंतील भेद एका अर्ध्या ‘र’च्या आकारावर अवलंबून आहे. पहिल्या शब्दात तो रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो ‘य’ला आडवा जोडला जातो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्यांची अदलाबदल झाली, तर विद्वानांचा मान स्वयंपाक्यांकडे जावयाचा. लिहिणाऱ्याच्या हाताला हा भेद कधी जड गेला नाही. संगणकाला मात्र तो शिकवावा लागला. संगणकावर हा आडवा ‘र’ उमटविण्याच्या दोन रीती आहेत. खाली टिंब असलेले ‘ऱ’ हे अक्षर घेऊन त्यास हलन्त करणे ही एक. आणि साधा ‘र’ हलन्त करून त्यापुढे डोळ्यांस न दिसणारी एक जोडखूण टंकणे ही दुसरी.

इंटरनेटवरील स्थळनावांत रोमनेतर लिप्या वापरण्याचे पहिले नियम २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ही अदृश्य जोडखूण निरर्थक समजून गाळण्यात आली होती. त्यामुळे दुसऱ्या रीतीने ‘दऱ्या’ लिहिणाऱ्याचे नाव यंत्राच्या लेखी ‘दर्या’ होऊन बसे. २०१० साली ह्या नियमांची सुधारित आवृत्ती निघाली व हलन्तानंतर येणारी जोडखूण ग्राह्य धरण्यात आली. दोन्ही वेळा नियम करणारे मंडळ एकच होते : इंटरनेट इंजिनियरिंग टास्क फोर्स, संक्षेपाने आयईटीएफ. आपल्या भाषेच्या एका अक्षराचा निवाडा ज्या ठिकाणी होतो, तेथे निवाडा कसा होतो व तेथे बोलण्याचा अधिकार कोणास आहे, हे जाणून घेणे भाषेच्या अभ्यासकास अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर मोठे चमत्कारिक आहे. तो सर्वांना आहे, कारण ह्या मंडळास सभासदच नाहीत. येथे राष्ट्रांचे प्रतिनिधी बसत नाहीत. कंपन्यांना जागा नसते, वर्गणी नसते आणि मतदानही नसते. जो काम करतो तो त्या कामापुरता मंडळाचा घटक होतो, आणि नियमाप्रमाणे तो स्वतःच्या नावाने बोलतो, आपल्या धन्याच्या नावाने नव्हे. मंडळाची पहिली बैठक जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे भरली तेव्हा अवघी २१ माणसे हजर होती. परंतु ह्या परंपरेचे मूळ त्याहून जुने आहे. ७ एप्रिल १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीव्ह क्रॉकर ह्या विद्यार्थ्याने संगणक एकमेकांस जोडण्यासंबंधी एक टिपण लिहिले आणि त्यास ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाचे नाव दिले. आज्ञा करण्याचा अधिकार आपणांस आहे, असे त्या तरुण मंडळींस वाटत नव्हते, म्हणून हे नम्र नाव. आज त्या मालिकेतील टिपणांची संख्या नऊ हजारांवर गेली आहे, आणि सगळीच नसली तरी त्यांतील कित्येक जगभर प्रमाण मानली जातात. तरीही नाव विनंतीचेच राहिले आहे.

प्रत्यक्ष काम कार्यगटांत चालते. प्रत्येक कार्यगटास एक लेखी सनद असते. कोणता प्रश्न सोडवावयाचा व कोणता सोडवावयाचा नाही, हे तीत नमूद असते. गटास बहुधा दोन अध्यक्ष असतात. मसुदा कोणीही लिहून सादर करू शकतो, त्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. मात्र सहा महिन्यांत त्याची नवी आवृत्ती निघाली नाही, तर तो कालबाह्य ठरतो. असे शेकडो मसुदे बेवारशी मरतात. जो मसुदा गट स्वीकारतो त्यावर ई-पत्रांतून चर्चा होते. मग गटातील अखेरचे आवाहन, मग सर्वांस अखेरचे आवाहन, मग क्षेत्रप्रमुखांच्या समितीची छाननी. बैठकीत जे ठरल्यासारखे वाटते तेही पत्रव्यवहारातून पुन्हा पडताळून घ्यावे लागते, म्हणजे गैरहजर माणसाचा हक्क बुडत नाही. निदान नियम तसा आहे.

मतदान नाही तर निर्णय होतो कसा? १९९२ साली मंडळाच्या एका बैठकीत डेव्हिड क्लार्क ह्यांनी जे सूत्र मांडले, ते आजही तेथील प्रत्येकाच्या तोंडी असते. राजे, अध्यक्ष व मतदान आम्ही मानत नाही. आम्ही मानतो ते ढोबळ मतैक्य आणि चालती आज्ञावली, असा त्याचा आशय. ढोबळ मतैक्य अजमावण्याची तेथील रीत नवख्यास हसू आणील. अध्यक्ष प्रश्न विचारतात आणि सभागृहातील ज्यांना तो पक्ष मान्य असेल ते तोंड मिटून ‘हं’ असा हुंकार देतात. मग दुसऱ्या पक्षाचा हुंकार. कोणी हुंकार दिला ते दिसत नाही, डोकी मोजता येत नाहीत. परंतु सभागृहाचा कल कानांस कळतो. आपला वरिष्ठ शेजारी बसला असताना त्याच्या मताविरुद्ध हात वर करणे अवघड, हुंकार देणे त्या मानाने सोपे.

ह्या हुंकाराचा अर्थ २०१४ साली पीट रेस्निक ह्यांच्या एका टिपणात फार उत्तम उलगडून सांगितला आहे. त्यांच्या मते हुंकार हा निर्णय नव्हे, तो चर्चेचा प्रारंभ होय. किती लोक विरुद्ध आहेत ह्याला महत्त्व नाही, त्यांच्या आक्षेपास उत्तर मिळाले की नाही ह्याला आहे. पाचजण अनुकूल व शंभरजण प्रतिकूल असताही ढोबळ मतैक्य झाले असे म्हणता येईल, जर त्या शंभरांच्या आक्षेपांचे साधार निराकरण झालेले असेल तर. उलट एकट्या माणसाचा एकच आक्षेप अनुत्तरित राहिला, तर काम पुढे जाता कामा नये. आपल्याकडील सभाशास्त्रात वाढलेल्या माणसास हे पचविणे कठीण आहे. मला स्वतःला ही कल्पना बहुमताहून अधिक न्याय्य वाटते. परंतु तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. आक्षेप घेणारा तेथे असला पाहिजे, आणि वेळेवर असला पाहिजे.

वेळेवर नसल्यास काय होते, ह्याचे बोलके उदाहरण टीएलएसचे आहे. न्याहाळकात कुलपाचे चिन्ह दिसते तेव्हा आपला मजकूर ज्या पद्धतीने कूटबद्ध होऊन जातो, ती ही टीएलएस. तिची १.३ ही आवृत्ती तयार करताना कार्यगटाने २०१४ सालीच ठरविले की, एका स्थिर किल्लीवर विसंबणारी जुनी रीत काढून टाकावी. ती किल्ली ज्याच्या हाती पडेल त्यास पूर्वी टिपून ठेवलेला सारा मजकूरही उलगडता येतो, हा तिचा दोष. परंतु हाच दोष काहींच्या दृष्टीने गुण होता. मोठ्या बँका आपल्या अंतर्गत जाळ्यावरील वाहतूक तपासण्यासाठी नेमकी हीच सोय वापरीत. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील वित्तसंस्थांच्या एका संघटनेच्या तांत्रिक शाखेने कार्यगटास पत्र पाठवून ती रीत राहू द्यावी अशी विनंती केली. तोवर दोन वर्षे उलटली होती, आणि गट आपला निर्णय फिरवावयास राजी झाला नाही. मग पर्यायी मसुदे आले. जुलै २०१७ मध्ये प्राग येथे सभागृह दुभंगले, मार्च २०१८ मध्ये लंडन येथे हुंकार घेण्यात आला, पण हे काम हाती घेण्यावर मतैक्य झाले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली ती त्या सोयीवाचूनच. सुरक्षिततेच्या दृष्टीने गटाचा निर्णय योग्य होता असे मी मानतो. पण येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ज्यांच्याजवळ पैशाची वाण नव्हती, वकिलांची नव्हती आणि सरकारदरबारी वजनाचीही नव्हती, त्यांची विनंती अमान्य झाली. कारण इतरांनी आक्षेप तपासून निकालात काढले तेव्हा ते तेथे नव्हते.

सूत्रातील दुसऱ्या अर्ध्या भागाची, म्हणजे ‘चालत्या आज्ञावली’ची, प्रचीतीही ह्याच प्रकरणात आली. नव्या पद्धतीच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा असे आढळले की, वाटेवरील काही यंत्रे अनोळखी आवृत्तीचा संदेश पाहून तो अडवितात. चूक त्या यंत्रांची होती. परंतु जगभरची यंत्रे बदलणे शक्य नव्हते. तेव्हा नव्या संदेशास जुन्या १.२ आवृत्तीचा वेष चढविण्यात आला. एकूण २८ मसुदे झाले. कागदावर निर्दोष असलेली रचना प्रत्यक्षात चालत नसेल तर ती बदलावयाची, हा येथील रिवाज आहे.

आता प्रवासाविषयी. वर्षातून तीनदा, म्हणजे मार्च, जुलै व नोव्हेंबर ह्या महिन्यांत, आठवडाभराच्या बैठका होतात, आणि उत्तर अमेरिका, युरोप व आशिया ह्या खंडांत त्या आळीपाळीने भराव्यात असे धोरण आहे. स्थळ कसे निवडावे ह्यावर २०२० साली एक स्वतंत्र टिपण प्रसिद्ध झाले. तेथे इंटरनेटवर गाळणी नसावी, नाना प्रकारचे पथ्य पाळणाऱ्यांची जेवणाची सोय असावी, असा तपशील त्यात आहे. पर्यटन हा हेतू नव्हे, असेही बजावले आहे. (परदेशी परिषदेत आठवडाभर पाव आणि उकडलेल्या भाज्यांवर काढलेल्या शाकाहारी मराठी माणसास हे कलम विशेष आपुलकीचे वाटावे.) बैठकीस जाण्याचे प्रयोजन व्याख्याने ऐकणे हे नसतेच. कार्यगटाची बैठक एकदोन तासांची; तिच्यात मसुदा सर्वांनी वाचलेला आहे असे धरूनच बोलणे चालते. खरी किंमत बाहेरच्या ओसरीतील बोलण्याची असते. सहा महिने पत्रांतून ज्याच्याशी वाद घातला त्याच्यासमवेत एक चहा घेतला की, वादाचे मूळ बहुधा एका शब्दाच्या दोन अर्थांत सापडते.

परंतु तेथवर पोहोचावे कसे? नोंदणीशुल्क, विमानभाडे व हॉटेलचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा असतो. माणूस स्वतःच्या नावाने बोलतो हे खरे. मात्र त्याचे तिकीट बहुधा त्याची कंपनी काढते, आणि ज्याचे तिकीट कोणी काढीत नाही तो बोलावयास येतच नाही. तत्त्वतः खुल्या असलेल्या ह्या दाराचा उंबरठा असा पैशाचा आहे. भारतीय नागरिकास आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान आणि युरोपातील शेंगेन देश ह्या सर्वांसाठी त्यास आधी व्हिसा मिळवावा लागतो. मंडळ निमंत्रणपत्र देते, परंतु व्हिसा देणे मंडळाच्या हाती नाही.

मार्च २०२० मधील व्हँकुव्हरची बैठक साथीमुळे प्रत्यक्ष भरली नाही. ती संगणकाद्वारे दूरस्थ पद्धतीने घ्यावी लागली, आणि मार्च २०२२ मध्ये व्हिएन्ना येथे लोक पुन्हा एकत्र जमले. त्या दोन वर्षांनी मंडळाची रीत कायमची पालटली. दूरस्थ सहभाग आता पुरता रुळला आहे. ज्यास शुल्क परवडत नाही त्यास ते माफ होते, आणि हुंकार दूरवर ऐकू जात नसल्यामुळे हात वर केल्याची नोंद घेणारे संगणकीय साधनही आले आहे. अडचण उरली ती घड्याळाची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला सभा सुरू झाली की, पुण्यात रात्रीचे दहा वाजलेले असतात. आणि तेथे संध्याकाळी सहाला कामकाज संपते, तेव्हा येथे साडेसहाची पहाट झालेली असते. पाच रात्री असे जागून दिवसा वर्गावर उभे राहणे किती जणांना जमेल?

पदाधिकारी निवडणारी समिती मात्र ह्याहून उदार नियमांनी बनते. स्वयंसेवकांच्या नावांतून दहाजण सोडतीने काढले जातात, आणि सोडतीचे आकडे कोणासही पडताळता येतील अशा जाहीर गोष्टींवरून घेतले जातात. एकाच कंपनीच्या दोहोंहून अधिक माणसांना तीत स्थान नाही. मागील पाच बैठकांपैकी तीन बैठकांत दूरस्थ रीतीने भाग घेतलेला मनुष्यही ह्या सोडतीस पात्र ठरतो. म्हणजे पुण्याच्या वा पणजीच्या अध्यापकास घरी बसून ती पात्रता मिळविता येते.

पुन्हा त्या अर्ध्या ‘र’कडे वळू. २०१० चे सुधारित नियम ज्या कार्यगटाने केले त्याचे अध्यक्ष व्हिंट सर्फ होते. नावांत अदृश्य खुणा का चालू द्याव्यात, हे पटविण्यासाठी युनिकोडच्या प्रमाणग्रंथात जी उदाहरणे दिली आहेत ती फारसी, मलयाळम व सिंहली ह्या भाषांची आहेत. सिंहलीतील ‘श्री’ हे अक्षर जोडखुणेवाचून नीट उमटतच नाही. मराठीचे उदाहरण त्यांत नाही. आमच्या ‘दऱ्या’ची सोय शेजारणीच्या ‘श्री’मुळे झाली, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही. पुढच्या वेळी शेजारणीची अडचण आपल्या अडचणीशी जुळेलच, असे नाही.

भाग घेऊ इच्छिणाऱ्याने आरंभ कोठून करावा, असे आमचे विद्यार्थी विचारतात. मसुदा लिहिण्याची घाई करू नये. एक कार्यगट निवडावा, त्याची सनद व चालू मसुदे वाचावेत, आणि जेथे अर्थ लागला नाही ती जागा लिहून कळवावी. ‘हे वाक्य दोन प्रकारे वाचता येते’ एवढे सांगणारे पत्र लेखकांना स्तुतीहून मोलाचे वाटते, आणि वाक्याचा दुहेरी अर्थ पकडणे हे तर भाषेच्या अभ्यासकाचे नित्याचेच काम. दुसरी वाट त्याहून सोपी आहे. प्रत्येक सभेच्या आरंभी अध्यक्ष विचारतात की, टिपणे कोण घेणार? बहुधा सारे सभागृह खाली मान घालते, आणि कोणीतरी हात वर करीपर्यंत सभा सुरू होत नाही.