सेकंदाला सोळाशे प्रेमकथा

इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ एक टोलरस्ता आहे. नाव एम-६ टोल, लांबी ४३ किलोमीटर, सुरू झाला २००३ च्या डिसेंबरात. वरून पाहिलं तर चार रस्त्यांसारखाच काळाकुळकुळीत. पण त्याच्या पोटात काय दडलंय सांगू? प्रेमकथा! चक्क प्रेमकथा! मिल्स अँड बूनच्या न खपलेल्या, जुन्या झालेल्या कादंबऱ्यांचा लगदा करून तो डांबरात कालवला. लगद्यामुळे डांबर आणि खडी एकमेकांना घट्ट धरून राहतात म्हणे. कशी धरून राहतात ते इंजिनिअर जाणोत, आपल्याला फक्त आकडा हवा. तो आहे २५ लाख प्रती!

चला, भागाकार करू. ४३ किलोमीटरमध्ये २५ लाख, म्हणजे किलोमीटरला ५८ हजार, म्हणजे मीटरला ५८ पुस्तकं. ताशी शंभरच्या वेगाने गाडी सोडली की ती सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. म्हणजे सेकंदाला सोळाशे प्रेमकथा चाकाखाली! एका पुस्तकात एकच चुंबन धरलं, आणि हा हिशेब फारच कंजूस झाला, तरी सेकंदाला सोळाशे चुंबनं. याच मापाने आपला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे बांधला असता, तर साडेचौऱ्याण्णव किलोमीटरमध्ये जवळजवळ ५५ लाख कादंबऱ्या गाडल्या गेल्या असत्या. खंडाळ्याच्या बोगद्यात तर हृदयभंगच हृदयभंग.

आणि हे सगळे फक्त उरलेले तुकडे. दुकानातून विकलं गेलं त्याचा आकडा ऐकायचाय? मग आधी खुर्चीत नीट बसा.

मिल्स अँड बून लंडनमध्ये १९०८ साली हजार पौंडांच्या भांडवलावर सुरू झाली. हार्लेक्विन ही दुसरी प्रकाशनसंस्था कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९४९ साली. १९७१ पासून दोघी एका घरात नांदतात. हार्लेक्विनच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे आजवर त्यांची ६०० कोटींहून जास्त पुस्तकं विकली गेली. सहाशे कोटी! पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटी. पुस्तक सतरा सेंटिमीटर लांब धरा आणि एकापुढे एक मांडत चला. मुंबईहून पुणं कधीच मागे पडलं, दिल्ली गेली, पृथ्वीला एक फेरा झाला, दहा झाले, पंचवीस झाले. ओळ भरते दहा लाख वीस हजार किलोमीटर! चंद्र आहे पावणेचार लाखांच्या थोडा पुढे. म्हणजे चंद्रावर जा, परत या, पुन्हा निघा, अर्धी वाट ओलांडून पुढे जा, तेव्हा कुठे शेवटच्या पुस्तकातलं लग्न लागेल. डेक्कन क्वीन मुंबई-पुणे १९२ किलोमीटर धावते आणि रोज एकदा जाऊन येते. तिने एकही दिवस सुट्टी न घेता ही ओळ संपवायची म्हटलं, तर सव्वासात वर्षं लागतील.

कंपनी मोठी असते, आकडेही मोठे असणारच, असं म्हणाल. बरोबर. पण कंपनी लिहीत नाही. लिहितं एक माणूस, बहुधा एक बाई, बहुधा घरकाम उरकून. खरी घेरी येते ती तिचे आकडे पाहून.

बार्बरा कार्टलंड घ्या. जन्म १९०१, मृत्यू २०००. पहिली कादंबरी १९२३ साली, आणि एकूण पुस्तकं ७२३. एका वर्षात २३ कादंबऱ्या लिहून गिनेसच्या पुस्तकात गेलेली बाई. म्हणजे सोळा दिवसांना एक कादंबरी, नायक-नायिकेच्या पहिल्या भेटीपासून थेट चर्चमधल्या लग्नापर्यंत. दुपारचं जेवण झालं की बाई सोफ्यावर आडव्या होत, पायाशी गरम पाण्याची पिशवी, जवळ लाडका कुत्रा, आणि सेक्रेटरीला मजकूर सांगायला सुरुवात. आपल्याकडे जेवणानंतर जी डुलकी लागते, तेवढ्या वेळात त्यांचे सहा हजारांवर शब्द झालेले असत.

त्यांच्या प्रती किती विकल्या गेल्या यावर वाद आहे. कोणी शंभर कोटी सांगतं. आपण त्याहून कमीचा अंदाज धरू, ७५ कोटी. पुस्तक सडपातळ, शंभर ग्रॅम वजनाचं. तरी वजन भरतं ७५ हजार टन! अठ्ठावन्न डब्यांची एक मालगाडी साधारण ३,७०० टन ओढते. म्हणजे एकामागे एक वीस मालगाड्या, कोळसा नाही, सिमेंट नाही, डब्याडब्यात सरदार आणि त्यांच्या लाजऱ्या नायिका. अजून पटत नाही? गावची विहीर आठवा, वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल. तिच्यात पुस्तकं रचत जा. एक भरली, दहा भरल्या, शंभर भरल्या, दोनशे भरल्या. चारशेवर विहिरी काठोकाठ भरतील, तेव्हा बाईंचा माल संपेल. आणि प्रत्येक प्रत कोणीतरी एकदाच, तीन तासांत, वाचली असं धरलं, तर वाचनाचे तास होतात २२५ कोटी. एकट्या माणसाला न झोपता वाचायला अडीच लाखांहून जास्त वर्षं! आपली मनुष्यजात पृथ्वीवर आली त्याला तीनेक लाख वर्षं झाली म्हणतात. म्हणजे गुहेतल्या आजोबांनी सुरुवात केली असती, तरी शेवटचं कपाट संपायला मनुष्यजातीचा बहुतेक सगळा काळ गेला असता.

त्यांच्या सगळ्या कथा एकाच साच्यातल्या आहेत, हे मला मान्य आहे. नायिका कुमारी, नायक उमराव, दिवा मालवतो तो लग्नानंतरच. पण साचा हातात असला तरी शेकडो वेळा ओतायला मनगट लागतं.

आणि त्या थांबल्याच नाहीत! गेल्या तेव्हा मागे १६० अप्रकाशित हस्तलिखितं गुलाबी फितीत बांधून ठेवलेली निघाली. २००४ पासून ती महिन्याला एक या हिशेबाने काढायला घेतली. १६० महिने म्हणजे तेरा वर्षं चार महिने पुरणारा साठा. आपल्याकडे धडधाकट लेखकाकडून दिवाळी अंकाची एक कथा वेळेवर मिळवताना संपादकाच्या नाकी नऊ येतात.

कार्टलंडबाईंना निदान सेक्रेटरी होती. त्यांच्याच धंद्यातल्या शार्लट लॅम्ब स्वतः टंकलेखन करायच्या, तासाला कमीत कमी दोन हजार शब्द, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मुंबईहून पुण्याला गाडीने तीन तास धरा. दादरला कोरा कागद घालून बसल्या असत्या, तर स्वारगेटला उतरताना सहा हजार शब्द तयार. एक पूर्ण कादंबरी त्यांनी चार दिवसांत हातावेगळी केली होती. चार दिवसांत आपल्याकडे पत्रिकेचा मजकूर ठरत नाही!

पण थांबा. या दोघींनाही मागे टाकणारी बाई स्पेनमध्ये होती. कोरीन तेयादो. पहिलं पुस्तक १९४६ साली, वय एकोणीस. मृत्यू २००९ साली. मधल्या ६३ वर्षांत चार हजारांवर छोट्या कादंबऱ्या. चार हजार! भागाकार केला तर पावणेसहा दिवसांना एक. सलग त्रेसष्ट वर्षं. बाळंतपणं, आजारपणं, सणवार सगळं धरून. एक पुस्तक शंभर पानांचं म्हटलं तर चार लाख पानं. मिनिटाला एक पान, रोज आठ तास, रविवारही सोडायचा नाही, तरी नुसतं वाचायला सव्वादोन वर्षं लागतात. विक्री ४० कोटी प्रती. स्पेनची वस्ती पाच कोटींच्या थोडी आत, म्हणजे तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला आठ प्रती देऊनही उरतील. १९६२ मध्ये युनेस्कोने सांगितलं की स्पॅनिश लेखकांत सेर्व्हान्तेसच्या खालोखाल वाचली जाते ती हीच बाई.

आणि यातलं बरंचसं स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, सेन्सॉरची तांबडी पेन्सिल मानेवर असताना. चुंबन जास्त लांबलं की काट, नायिकेने हाताची घडी सोडली की काट. मग बाईंनी सांगायचं सोडून सुचवायला सुरुवात केली. उघडपणे काही घडायचं नाही, पण वाचणाऱ्याचा चेहरा लाल व्हायचा. सेन्सॉरनेच आपल्याला सूचकतेने लिहायला शिकवलं, असं त्या पुढे सांगत. क्यूबाचे नामवंत लेखक काब्रेरा इन्फान्ते यांनी तरुणपणी एका मासिकात तिच्या कथांची मुद्रितं तपासली होती. त्यांनी तिला पदवी दिली ती ‘निरागस अश्लील लेखिका’ अशी. माझ्या मते या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

आता फ्रँकोही नाही आणि तांबडी पेन्सिलही नाही. दिवा लागलेलाच. ई. एल. जेम्स लंडनला नोकरीला जाता-येता ट्रेनमध्ये ब्लॅकबेरीच्या चिमुकल्या बटणांवर काही भाग लिहीत. विरार फास्टमध्ये हे जमणं अवघड, अंगठा हलवायला जागा तर हवी. २०११ साली ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रकाशनाकडून आलं, २०१२ मध्ये बड्या प्रकाशकाने उचललं, आणि पुढच्या काही वर्षांत मालिकेच्या १५ कोटींवर प्रती गेल्या. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र होता सव्वाअकरा कोटी. चांद्यापासून बांद्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात एक प्रत, पाळण्यातल्या पोराच्या उशाशीही एक, आणि तरी पावणेचार कोटी शिल्लक! २०१२ च्या नाताळात प्रकाशक रँडम हाउसने अमेरिकेतल्या आपल्या कर्मचाऱ्यांना पाच-पाच हजार डॉलर बोनस वाटला, संपादकापासून गोदामातल्या हमालापर्यंत. तेव्हाच्या भावाने पावणेतीन लाख रुपये. प्रेमात कोण पडलं होतं? कादंबरीतले ख्रिश्चन आणि अ‍ॅनास्टेशिया. दिवाळी कोणाची झाली? हमालाची!

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आज शेकडो प्रणयलेखक अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या ई-वाचनसेवेवर पुस्तक लावतात आणि पैसे मिळतात वाचलेल्या पानागणिक. अमेरिकेतला दर अर्ध्या सेंटच्या थोडा आत, म्हणजे आपले सदतीस पैसे धरू. लाख रुपये मिळवायला लोकांनी पावणेतीन लाख पानं वाचायला हवीत. पान वीस सेंटिमीटरचं धरून ती एकाखाली एक मांडली, तर सीएसएमटीपासून थेट कल्याण स्टेशनपर्यंत जातात. तेही वाचकाने मध्ये ठाण्याला उतरून न जाता!

आता शेवटचा आकडा. हा सगळ्यांत लहान आहे, आणि आपल्या घरचा आहे.

‘रंभा’ मासिकाचा १९६२ चा दिवाळी अंक. त्यात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा. कथा अश्लील आहे म्हणून भारतीय दंड संहितेच्या २९२ कलमाखाली खटला. मॅजिस्ट्रेटने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि दंड केला. किती? पंचवीस रुपये! न भरल्यास आठवड्याची साधी कैद. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दहा ग्रॅम सोनं सव्वाशे रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे दंड झाला दोन ग्रॅम सोन्याचा.

आता फोर्ब्जचा २०१३ चा आकडा शेजारी ठेवा. त्या एका वर्षात ई. एल. जेम्स यांची कमाई साडेनऊ कोटी डॉलर. डॉलर पंचावन्न रुपयांचा धरला तर ५२२ कोटी रुपये! दिवसाला एक कोटी त्रेचाळीस लाख. तासाला सहा लाख. मिनिटाला दहा हजार. सेकंदाला एकशे पासष्ट. बाई मुंबईहून निघून पुण्याला पोचेपर्यंत अठरा लाख. काकोडकरांचा दंड? पापणी लवायच्या आत! सेकंदाला सहा काकोडकर सुटले असते, मिनिटाला जवळजवळ चारशे, तासाला चोवीस हजारांच्या घरात. आणि सोन्यात मोजायचं तर तेव्हाच्या तीस हजारांच्या भावाने पावणेदोन टन. एका तागडीत दोन ग्रॅम, दुसऱ्या तागडीत पावणेदोन टन. एकाच धंद्यातल्या दोन माणसांचा हा हिशेब. एकाने लिहिलं म्हणून भरायचे, दुसरीने लिहिलं म्हणून मिळाले.

काकोडकर त्या पंचवीस रुपयांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी निकाल लागला आणि ते सुटले. त्याच वर्षी डिसेंबरात राज खोसलांचा ‘दो रास्ते’ थिएटरात लागला, राजेश खन्ना आणि मुमताजचा. त्याची कथा काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ कादंबरीवरून घेतलेली होती.