पिल्सनरची पारख

कवठे महांकाळ आणि तासगाव या पट्ट्यातील द्राक्षबागायतदाराच्या हाती माल पिकण्याच्या दिवसांत रिफ्रॅक्टोमीटर नावाची एक लहानशी नळी असते; मणी चिरडून रसाचे दोन थेंब तिच्या काचेवर घ्यावेत, झाकण मिटून नळी उजेडाकडे धरावी, आणि आतील मोजपट्टीवर निळ्या व पांढऱ्या रंगांची सीमारेषा जेथे पडेल तो रसातील साखरेचा अंक, म्हणजेच ब्रिक्स, समजावा. बेदाण्यासाठी माल उतरवायचा तर हा अंक विशीच्या पुढे जावा लागतो. हेच उपकरण, याच रीतीने, घरच्या घरी बिअर तयार करणारा परदेशातील हौशी मनुष्यही वापरतो. पिल्सनर जातीच्या बिअरसाठी सातूच्या माल्टपासून काढलेला गोड काढा सुमारे 12 अंश भरला की त्याचे समाधान होते. परंतु काढ्यात यीस्ट पडून साखरेचे मद्यार्क होऊ लागले की, मद्यार्क प्रकाशाला निराळ्या प्रमाणात वळवीत असल्यामुळे, नळीतला अंक जसाच्या तसा वाचून चालत नाही; आणि तयार झालेली बिअर चांगली की वाईट हे सांगणारे उपकरण तर कोणाच्याच खिशात नसते. तेथे दुसऱ्याच्या जिभेची साक्ष काढावी लागते, आणि ती साक्ष भरवशाची कशी करावी हा विज्ञानातला एक मोठा मनोरम प्रश्न आहे.

प्रथम कायद्याची बाब स्पष्ट केलेली बरी. आपल्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. पुण्यात 2009 साली सुरू झालेली ‘डूलॅली’ची बिअरची भट्टी रीतसर परवान्यावरच उभी राहिली. अमेरिकेत मात्र 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या स्वाक्षरीने झालेल्या कायद्यामुळे घरगुती वापरापुरती बिअर करण्यास मुभा मिळाली. पुढील विवेचन अशा मुलखांतील हौशी मंडळींच्या उद्योगाचे आहे.

पिल्सनरचा जन्मच मुळी एका प्रतिकूल शेऱ्यातून झाला. बोहेमियातील पिल्सेन नगरात बिअर गाळण्याचा हक्क तेथील नागरिकांकडे होता. 1838 साली त्यांच्या बिअरचा दर्जा इतका खालावला की, 36 पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली आणि सर्वांनी मिळून नवी भट्टी उभारण्याची तजवीज झाली. तेथे बव्हेरियाहून आणलेल्या योझेफ ग्रोल या कारागिराने 5 ऑक्टोबर 1842 रोजी जो पहिला घाणा घातला, त्यातून सोनेरी, पारदर्शक, स्वच्छ कडवट चवीची ही नवी बिअर अवतरली. फिक्या रंगाचे माल्ट, जवळच्या झाटेत्स प्रांतातील सुगंधी हॉप, थंडीत तळाशी राहून काम करणारे यीस्ट आणि अतिशय मृदू पाणी हे तिचे चार आधार होत.

यांपैकी पाण्याची गोष्ट आपल्या तालुक्याला सहज समजेल. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी पोहोचण्यापूर्वी बहुतेक मदार विहिरी आणि बोअर यांवरच होती, आणि बेसाल्टच्या थरांतून झिरपलेल्या अशा पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार पुष्कळ असतात. ठिबकच्या नळीच्या तोंडाशी जमणारे पांढरे किटण त्यांचेच. असल्या पाण्यात माल्ट भिजवले तर मिश्रणाची आम्लता पुरेशी वाढत नाही, सालपटांतील तुरट द्रव्ये काढ्यात उतरतात, आणि हॉपचा कडवटपणा घशात ओरखडे काढल्यासारखा रेंगाळतो. आम्लता मोजण्याची ‘पीएच’ ही मोजपट्टी रसायनशास्त्रज्ञ सोरेनसन यांनी 1909 साली सिद्ध केली तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेतच.

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल असून तिच्या मादी फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळ्या रंगाची चिकट पूड असते. त्या पुडीतील आम्ले काढ्याबरोबर तासभर उकळली म्हणजे त्यांच्या रेणूंची रचना पालटून ती विरघळतात आणि कडू होतात. उलट तिच्यातील सुगंधी तेले तेवढ्याच वेळात वाफेबरोबर निघून जातात. म्हणून ज्यास हॉपच्या परिमळाने भरलेली पिल्सनर हवी, तो कडवटपणापुरते हॉप आरंभी घालतो आणि सुगंधाचे हॉप आच बंद करताना, किंवा किण्वन उरकत आल्यावर थंड बिअरमध्येच, सोडतो. ही वेल उन्हाळ्यातील दीर्घ दिवसांची भुकेली असते. भारतात तिची लागवड लाहौलच्या खोऱ्यात झाली, परंतु आपल्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम 13 तासांचा असल्याने ती येथे भरभरून फुलणे कठीण.

पिल्सनरमध्ये दोष लपवण्यास जागा नाही. काळ्या, करपट माल्टच्या बिअरमध्ये जे खपून जाते ते येथे उघडे पडते. फिके माल्ट झाकण घालून उकळले तर गंधकयुक्त द्रव्य आतच कोंडून शिजलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. 10 अंश सेल्सिअसच्या आसपास संथपणे चाललेल्या किण्वनाच्या अखेरीस उष्णता थोडी चढवून यीस्टला आवराआवर करू दिली नाही, तर डायअ‍ॅसिटिल उरून लोण्यासारखा वास राहतो. आणि भरलेली बाटली उन्हात राहिली तर हॉपचीच द्रव्ये प्रकाशाने मोडून असा उग्र दर्प उत्पन्न होतो की, त्याचे लिटरमागे काही नॅनोग्रॅमदेखील नाकाला पुरतात. आता यातील विलक्षण गोष्ट अशी की, हे सर्व करणाऱ्याला स्वतःला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. त्याचे नाक तासन्‌तास त्या वासात राहून सरावलेले असते, मनात अपेक्षा ठाण मांडून बसलेली असते, आणि डायअ‍ॅसिटिलसारखा गंध काही माणसांना जन्मतःच फार अंधुक जाणवतो.

म्हणून हौशी मंडळी आपापल्या बाटल्या एकमेकांकडे, नावाची चिठ्ठी काढून, परीक्षणासाठी देतात. तेथील स्पर्धांतून रूढ असलेल्या गुणपत्रिकेत एकूण 50 गुणांपैकी गंधाला 12, दर्शनाला 3, चवीला 20, तोंडातील स्पर्शाला 5 आणि समग्र परिणामाला 10 अशी वाटणी असते. आणि परीक्षकाने ‘छान’ किंवा ‘बरी नाही’ असा मोघम शेरा न मारता, कोणता वास, कोणत्या क्षणी, किती तीव्र, आणि तो कोणत्या कृतीमुळे आला असावा, हे लिहावे अशी अपेक्षा असते. माझ्या मते या पत्रिकेतील गुणांहून हे लेखन कितीतरी मोलाचे आहे, कारण गुणांनी मन फार तर सुखावते वा खट्टू होते, पण पुढचा घाणा सुधारतो तो कारणापर्यंत पोहोचलेल्या वाक्याने.

तरीही मतभेद राहतातच, आणि त्यावर 1940 च्या दशकात कार्ल्सबर्गच्याच संशोधकांनी त्रिकोणी चाचणीचा उपाय वापरात आणला. चाखणाऱ्यापुढे तीन पेले ठेवावयाचे. दोहोंत एकच बिअर, तिसऱ्यात निराळी. आणि निराळा पेला कोणता एवढेच विचारायचे. आवडीचा प्रश्नच नाही. नुसत्या अंदाजाने उत्तर दिले तरी तिघांत एकाचे बरोबर येणारच, म्हणजे 12 जणांत सुमारे चौघांचे. पण 8 किंवा अधिक जणांचे बरोबर येणे हे केवळ योगायोगाने शंभरांत दोन वेळाही घडत नाही. तेव्हा 8 जणांनी ओळखले तर फरक खरा मानावा.

ही रीत बिअरपुरती नाही, आणि तिला कोणताही परवाना लागत नाही. आपल्याकडे सौद्यात बेदाण्याची पारख रंगावर, आकारावर आणि दाणा तोंडात टाकून होते, परंतु वाळवण्यापूर्वी द्राक्षे द्रावणात बुडवण्याच्या अमुक रीतीने, म्हणजे डिपिंगने, गोडी राहते, तमुक शेडमध्ये वास लागतो, असे वाद मात्र वर्षानुवर्षे चालतात. एकाच बागेचा, एकाच दिवशी तोडलेला माल दोन रीतींनी वाळवावा. कागदी द्रोणांवर खुणेचे अंक घालावेत. रंगावरून ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधावी. आणि 12 जणांना तीन-तीन द्रोण द्यावेत, त्यांची मांडणी सहा प्रकारे होते, ती प्रत्येकी दोघांच्या वाट्याला यावी. मध्ये पाण्याची गुळणी अवश्य करवावी. तालुक्यातील विज्ञानशिक्षकांनी आणि बागायतदारांनी येत्या हंगामात हा प्रयोग करून पाहावा, आणि आठांहून कमी उत्तरे बरोबर आली तर त्या दोन रीतींपैकी जी स्वस्त पडेल ती बिनदिक्कत पत्करावी.