स्विचची केबल निघाली तर?

जादा केबलींमुळे डेटा नेटवर्कमध्ये गरगर फिरत राहू नये, म्हणून स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल काही पोर्ट अडवून ठेवतो. रेडिया पर्लमन यांनी तो १९८५ मध्ये तयार केला.

● स्वतःचीच लिंक तुटली : अडवलेला पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद पत्ते शिकतो, मग खुला होतो.

● बिघाड पलीकडच्या स्विचवर : दर २ सेकंदांनी येणारा निरोप थांबतो. आधी २० सेकंद वाट पाहणे, मग वरचे ३०, एकूण ५०.

● रूट (नेटवर्कचा प्रमुख) स्विच बंद : उरलेल्यांपैकी सर्वांत लहान ब्रिज आयडीचा (ओळख क्रमांकाचा) स्विच रूट होतो. जुना परतला की पद पुन्हा त्याच्याकडे.

● रॅपिड आवृत्ती (२००१) : सलग ३ निरोप चुकले, म्हणजे ६ सेकंदांत, पर्यायी मार्गाची हालचाल सुरू.